आर्डिसची बोटं आणि एकतीस पानी अर्ज

३ फेब्रुवारी, सोमवार

आलं एकदाचं पाकीट! बालवाडीच्या परवान्याचं नूतनीकरण — यंदा एकतीस पानं! डेल म्हणाला, "नवऱ्याने फुलं आणली तरी तुझा चेहरा एवढा खुलत नाही." आणून बघ म्हटलं एकदा. मला अर्ज आवडतात, काय करू? जेवणाचं टेबल रिकामं केलं, पानांना रंगीत चिठ्ठ्या लावल्या. पिवळी आगीच्या कवायतीला, हिरवी लसीकरणाला, निळी झोपाळ्याखालच्या लाकडी भुशाला. पोरं पडली तर लागू नये म्हणून नऊ इंच जाडी लागते. मी स्वतः पट्टी खुपसून मोजते. एकोणीस वर्षं चर्चच्या तळघरात ही बालवाडी चालवतेय, पण एक चौकोन रिकामा ठेवून अर्ज पाठवलाय असं कधी झालं नाही. इथे लिहून ठेवते, कारण बाकी कुणाला त्याचं कौतुक नाही.

यंदा एक नवीन काढलंय — सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बोटांचे ठसे. सगळे म्हणजे मी आणि माझी मदतनीस आर्डिस! मुलं वीस. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, म्हणजे तिचे ठसे मंजूर झाले नाहीत तर दहा पोरं घरी. मुदत ३१ मार्च. भरपूर वेळ आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेरिफच्या कचेरीत जाऊन आलो. मशीनवर टॉड होता. मी संचालिका झाले त्या पहिल्या वर्षीच्या वर्गातला, खळ चाटून खायचा. आता कमरेला पिस्तूल! माझे ठसे दोन मिनिटांत झाले. आर्डिसने बोट टेकवलं की मशीन केकाटायचं. टॉडने बोट पुसलं, दाबलं, फुंकर मारली. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "मिस आर्डिस, तुमच्या बोटांवर काही नाहीच आहे हो!"

"त्र्याहत्तर वर्षांची झाले रे," ती म्हणाली. "काय काय शिल्लक ठेवू?"

तरी त्याने जे उमटलं ते पाठवून दिलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आर्डिसची बोटं नापास. रेघा झिजल्यात म्हणे.

झिजतील नाही तर काय! नाक पुसलं, हात धुवा. खाऊ दिला, हात धुवा. बाहेरून आलात, हात धुवा — वीस सेकंद, साबण लावून. टेबलं दिवसातून चार वेळा ब्लीचच्या पाण्याने. हे सगळं राज्याच्याच नियमपुस्तकात लिहिलंय. माझ्याही आधीपासून, तीस वर्षं, या बाईने एकदाही टाळाटाळ केली नाही. आणि आता तेच राज्य विचारतंय, बाई, तुमच्या रेघा कुठे गेल्या? मी खो खो हसले. मग कॅलेंडर बघितलं आणि हसू आटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभर उपचार चालू आहेत. डेलने गोठ्यातून गाईच्या सडांना लावायचं मलम आणून दिलं. आर्डिस ते चोपडून वर सुती हातमोजे घालून बसते. पाण्यात हात घालायचा नाही, म्हणून नाकं माझ्याकडे. वीस नाकं, फेब्रुवारी महिना! आज साडेदहापर्यंत एकतीस वेळा पुसली, मोजली मी.

पण खाऊच्या वेळी थिया खुर्चीवर उभी राहून ओरडली, "मिस आर्डिसने हात नाही धुतले!" झालं. वीसही पोरांनी हात धुण्याचं गाणं सुरू केलं, आणि आर्डिस उठून बेसिनपाशी जाईपर्यंत थांबली नाहीत. तिनेच शिकवलंय त्यांना. आठवडाभराचं मलम नळाखाली वाहून गेलं.

७ मार्च, शुक्रवार

पुन्हा ठसे. पुन्हा केकाटणं. आर्डिसच्या हाताला गोठ्याचा वास येतो, तेवढा फरक पडला.

१३ मार्च, गुरुवार

पुन्हा नापास. परवाना खात्याच्या मिस वांगना फोन केला. पोरगी तरुण आहे, पण आवाजात घाई नाही. म्हणाल्या, "दोनदा नापास झालं की नावावरून तपास करतात. तीनेक आठवडे लागतील. तुम्ही अर्ज पाठवून द्या, त्या चौकोनात 'बाकी' लिहा."

"बाकी? म्हणजे अर्धवट पाठवू?"

"सगळेच पाठवतात."

सगळे पाठवत असतील! मी नाही पाठवत.

२७ मार्च, गुरुवार

चार दिवस उरले. डेल सकाळी म्हणाला, "पाठव." दुपारी पोरं झोपली तेव्हा आर्डिसही म्हणाली, "अगं पाठव ना, कोरीन. एका चौकोनाने काय आभाळ कोसळणार आहे?"

मी अर्ज पाकिटात घातला. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. बर्फ भुरभुरत होता. डोळ्यांपुढे पान अठरा, चौकोन सात — पांढराफटक. आणि तोही आर्डिसच्या नावापुढे, जशी काही ती कुणी संशयित! परत आणला. मुदत थोडी टळली तर टळू दे, पण अर्धवट जाणार नाही. हट्ट म्हणा. आहेच मी हट्टी.

२ एप्रिल, बुधवार

आला!!! आर्डिसचा तपास आला. ती निर्दोष आहे, एक १९७१ सालचा गुन्हा वगळता — विनापरवाना मासेमारी. "माझा भाऊ म्हणाला होता त्याच्याकडे परवाना आहे," असं म्हणून आर्डिस लाजेने लाल झाली. मी अजून हसतेय.

चौकोन सात भरला. पोस्टावर विसंबले नाही. गाडी काढली, नव्वद मैल जाऊन अर्ज स्वतः खिडकीत दिला. एकतीस पानं, एकही जागा रिकामी नाही. खिडकीतल्या बाईने नुसता शिक्का मारला.

९ एप्रिल, बुधवार

मिस वांगचा फोन.

अर्ज दोन दिवस उशिरा पोचला. दोन दिवस! म्हणजे जुना परवाना संपला, आणि माझा अर्ज नूतनीकरणाचा नाही, नव्या बालवाडीचा धरला जाणार. नव्या बालवाडीला नवे नियम. नव्या नियमात संचालिकेला बालशिक्षणाची बारा क्रेडिट हवीत, म्हणजे कॉलेजात त्याचे विषय पास केल्याचे गुण. जुन्या संचालिकांना सूट होती, ती परवान्यासोबत गेली. माझी पदवी गृहशास्त्राची. बालशिक्षणाची क्रेडिट — तीन.

"मी म्हटलं होतं 'बाकी' लिहा," मिस वांग म्हणाल्या. रागावून नाही, म्हणून जास्तच लागलं. २५ तारखेपर्यंत चालू ठेवायची परवानगी दिलीय. त्या दिवशी त्या तपासणीला येतील, तेव्हा पात्र संचालिका दाखवायची. नाहीतर कुलूप.

१४ एप्रिल, सोमवार

आर्डिसला सांगितलं. ती कागदी ट्युलिप कापत होती, कात्री तशीच धरून राहिली. मी रडले, तेही त्या लहान मुलांच्या खुर्चीवर बसून, गुडघे हनुवटीला टेकवून.

"कुणीतरी मिळेल," ती म्हणाली.

कोण मिळणार? चर्चच्या फळ्यावर जाहिरात लावली, किराणा दुकानात लावली. पुढची बालवाडी चौतीस मैलांवर. आठ जणांच्या आया पहाटेच्या पाळीला जातात, त्यांनी काय करायचं? खरं लिहू? मी गेले तर पोरांचं काही अडणार नाही. पडलं-झडलं की ती आर्डिसकडे धावतात, माझ्याकडे नाही. पण बंद पडली, तर ती पाडणारी मी असेन. एका चौकोनापायी!

२१ एप्रिल, सोमवार

एक फोन आला. त्यांना वाटलं आम्ही कुत्र्यांसाठी पाळणाघर चालवतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

सगळं लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

मिस वांग नऊला आल्या. भुसा मोजला: नऊ इंच. नळाचं पाणी, फ्रिजचं तापमान, औषधांच्या कपाटाचं कुलूप, सगळं चोख. पोरांतल्या ऑगीने त्यांना विचारलं, "तू हात धुतलेस का?" त्यांनी धुतले. मग टेबलाशी बसून म्हणाल्या, "संचालिका?"

मी तोंड उघडलं. आर्डिसने मध्येच बिस्किटांचा डबा आणून टेबलावर ठेवला. झाकण काढलं, वरची बटणं बाजूला सारली, खालून गुणपत्रिकांची पाकिटं काढली. कॉलेजचे शिक्के असलेली. बालविकास, भाषा, बालसाहित्य, खेळातून गणित. मिस वांगनी बोटावर मोजलं, मग पुन्हा मोजलं. एकवीस क्रेडिट!

"दर हिवाळ्यात एक विषय घ्यायचे," आर्डिस म्हणाली. "नवरा गेल्यापासून. मंगळवारी संध्याकाळी घर खायला उठायचं. तिथे हीटर चांगला होता."

"बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मला तुझी खुर्ची नको होती गं. वाटलं, मिळेल कुणीतरी."

मिस वांगनी आर्डिसची फाइल उघडली. शिक्षणाच्या चौकोनात 'शालान्त' लिहिलेलं. दर वर्षी. माझ्याच अक्षरात. एकोणीस वर्षं मी तो चौकोन न चुकता भरला आणि एकदाही तिला विचारलं नाही. आर्डिस बटणं डब्यात भरत होती, वर बघत नव्हती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

२८ एप्रिल, सोमवार

माफी मागितली. ती म्हणाली, "नाकं पूस, चल." वाटतं, क्षमा झाली.

५ मे, सोमवार

परवाना आला. संचालिका: आर्डिस. मदतनीस: मी. मदतनिसाचा अर्ज आता संचालिकेने भरायचा असतो. दुपारी छोट्या टेबलाशी जीभ बाहेर काढून तिने तो भरला, तीन चौकोन रिकामे सोडले आणि मी हात पुढे करायच्या आत पाकिटात घालून चिकटवून टाकला. पण एक ओळ मी वाचली होती. 'ही व्यक्ती या कामास योग्य का?' त्यापुढे तिने लिहिलं होतं — 'पोरांना ही आवडते. शनिवारी घरीसुद्धा हिच्या नावाने हाका मारतात, असं आया सांगतात. हिला कुणी सांगितलेलं नाही.'