पेढ्याच्या पायाची खरी हकिगत

पिंपळवंडी,
संवत्सरीचा दुसरा दिवस

ती. सौ. रीनाताईस,

बंटीचा जयजिनेंद्र. दाजींना नमस्कार, चि. रिद्धीला आशीर्वाद (तो आज जरा जपूनच दे). तुमच्या घरचं रंगकाम आटोपलं असेल आणि रंगाच्या वासानं दाजींना येणाऱ्या शिंका थांबल्या असतील, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. 'सगळे' लिहिताना पेन जरा अडखळलं, पण रंगकामापुरता आमच्याकडे ठेवलेला रिद्धीचा पेढाही बरा आहे. तीन पायांनी तर अगदी उत्तम.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला "काय?" म्हणून ओरडतेस आणि माझी पुढची वाक्यं पळून जातात. म्हणून आधी शेवट सांगतो : ससा जिवंत आहे. आता शांतपणे वाच. (रिद्धी शेजारी असेल तर आतल्या खोलीत जाऊन वाच.)

पर्युषणाचा सहावा दिवस. आईनं तीन दिवसांचा उपवास धरलेला, त्याचा पहिला. दुपारी चारच्या सुमारास पेढा जिना उतरून दुकानात आला आणि साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी थेट उंबऱ्यावर जाऊन बसला. शटर खाली आलं. त्याचा मागचा उजवा पाय सापडला. शटर जुनं आहे, बाबांच्या वेळचं, अशा वस्तूंचा भरवसा काय द्यावा! ताई, ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. तो एकदाच ओरडला आणि गप्प झाला. मी तिथेच त्याच्याशेजारी फतकल मारून बसलो.

शेजारच्या भिमाजीनं (डेअरीला दूध घालतो तो) त्याला टोपलीत घातलं आणि पिकअपमधून आळेफाट्याला नेलं. मलाही नेलं, असंच म्हणावं लागेल. डॉक्टर गायी-म्हशींचे. त्यांनी पाय चाचपला, पट्टी बांधली आणि म्हणाले, पाय भरून येईल, पण ससा पायानं मरत नाही, भीतीनं मरतो. घाबरला की खाणं सोडतो, आणि दिवसभर पोटात काही गेलं नाही की पोटच बंद पडतं. तेव्हा त्याला काहीतरी ताजं हिरवं खायला घाला आणि घाबरलेलं माणूस त्याच्याजवळ बसवू नका. हे सांगताना ते माझ्याकडेच का बघत होते कुणास ठाऊक. येताना भिमाजीही म्हणाला, "शेठ, टोपली मधी ठिवा. तुमच्या मांडीवर ससा लई हालतोय."

आता ताजं हिरवं आणायचं कुठून? पर्युषणात आपल्या घरात हिरव्या पानाला बंदी, हे तुला सांगायला नको. तुझ्या वहिनीनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आमटीवर कोथिंबीर भुरभुरली होती, ती आठवण आई अजून काढते. अशात उपाशी आईपुढे हिरवी जुडी घेऊन जाणार कोण? तू गेली असतीस. मी गेलो नाही. तू दिलेलं सुकं गवतच त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटाला कान लावला की गुडगुड ऐकू आली पाहिजे. मी पहाटेपर्यंत कान लावून बसलो. आवाज येत होता, पण तो माझ्या छातीचा.

सकाळी भिमाजीच्या मळ्यातून कोथिंबिरीची जुडी मागून घेतली, ब्लाऊजपीसच्या खोक्यात लपवली आणि चोरासारखा गच्चीवर गेलो. पेढ्याला तिथेच सावलीत ठेवलं होतं. पण माझा हात असा थरथरत होता की कोथिंबिरीची काडी त्याच्या नाकासमोरून नुसती इकडून तिकडे जात होती. तो कान पाडून कोपऱ्यात सरकला. अठरा तास झाले होते. डोळे अर्धे मिटलेले. ताई, लपवत नाही, मी तिथेच बसून रडलो. आणि वळून बघतो तर आई उभी! कोथिंबिरीचा वास खालच्या मजल्यापर्यंत गेला होता, आणि उपाशी माणसाचं नाक फार तिखट असतं.

मी जुडी पाठीमागे लपवली. (वय वर्षं अडतीस.) तिनं हात पुढे केला. "बंट्या, नियम मी घेतलाय. या मुक्या जिवानं घेतलाय का? दे इकडं."

ती खाली बसली. चुचकारलं नाही, काही नाही. एक काडी त्याच्यासमोर धरून नवकार मंत्र पुटपुटत राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग काडी हलली. तिसऱ्या काडीला कुरकुर ऐकू आली. दुपारी त्यानं चार लेंड्या टाकल्या, त्या मी भिमाजीला मुद्दाम बोलावून दाखवल्या. त्यानंही कौतुक केलं. माणूस चांगला आहे.

आता तो व्यवस्थित खातो, पट्टी पंधरा दिवसांनी सुटेल. काळजी नसावी.

तुझा भाऊ,
बंटी

ता. क. शटर आपोआप पडलं असं मी वर कुठेही लिहिलेलं नाही. फक्त ते जुनं आहे असं लिहिलंय. ते मी ओढलं. रस्त्यात कुणीतरी "बिबट्या!" म्हणून ओरडलं आणि मी खाली न बघता दाणकन ओढलं. बिबट्या नव्हता, पिवळं कुत्रं होतं. प्रयागबाई साडी घ्यायला आल्या होत्या, त्या बाहेरच राहिल्या. शटर वर केल्यावर म्हणाल्या, "शेठ, आमी काय बिबट्याच्या वाटणीच्या व्हतो व्हय?"

ता. ता. क. काल संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणत, वर्षभरात दुखावलं असेल त्याची माफी मागत, आईच्या पाया पडायला गेलो. तिनं पाय मागे घेतले. "आधी जिचा ससा, तिच्याकडं माग. मग माझ्याकडं ये." म्हणून हे पत्र. रिद्धीला ते शटरचं तेवढं वाचून दाखव, आणि ती काय म्हणते ते जसंच्या तसं कळव. पेढा आता कुणाच्याही हातून खातो, प्रयागबाईंच्यासुद्धा. मी जवळ गेलो की कान पाठीला चिकटवतो. आई म्हणते, रिद्धीनं माफ नाही केलं तरी चालेल, पण तिला खरं कळलं पाहिजे.

मला नाही चालणार, ताई.