'देवघेव' नावाचं फोल्डर

३ जून, सकाळी ७.२०
आजपासून मोहीम. आतल्या खोलीतला जुना कॉम्प्युटर घरघरायला लागलाय. त्यात कै. सासऱ्यांच्या एकेचाळीस ऑडिओ फाइली आहेत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आणि शेवटच्या वर्षी ती कशी दुरुस्त करावीत ते याच कॉम्प्युटरसमोर बसून सांगितलं. वडिलांचा आवाज म्हणून हिच्याकडे एवढंच उरलंय. त्या फाइली हिच्या नव्या लॅपटॉपवर हव्यात. १५ तारखेला मेहुणी येणार, दोघी बहिणी बसून ऐकणार. मी अजून एकही ऐकलेली नाही. घड्याळ बंद पडलं की सेल बदलायचा, यात एकेचाळीस भाग कसले?

ही म्हणाली, पेनड्राइव्ह लावा, दहा मिनिटांचं काम. मी नुसता हसलो. पेनड्राइव्ह म्हणजे घरात नळ असताना बादल्या वाहणं. मी ऑफिसच्या संगणकीकरण समितीचा सचिव होतो, पाच दिवसांचं ट्रेनिंग झालंय माझं. दोन्ही मशीन नेटवर्कवर जोडून दाखवतो. संध्याकाळपर्यंत. पेनड्राइव्हला हात लावायचा नाही, अशी हिला ताकीद दिली आहे.

३ जून, संध्या. ६.४५
लॅपटॉपवर फोल्डर केलं. नाव 'देवघेव'. शेअर केलं. आतल्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. लॅपटॉपचाच दोष. हल्ली वस्तूच तकलादू निघतात.

५ जून
फायरवॉल बंद केली. राउटर तीनदा बंद-चालू. एका मशीनवरून दुसऱ्याला हाक मारून पाहिली, याला पिंग म्हणतात. ओ नाही. हिने विचारलं, दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना? घरात वायफाय एकच असतं हे हिला ठाऊक नसावं. असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही, असं ठरवलंय.

६ जून
इंटरनेट कंपनीला फोन. तिथल्या मुलीने विचारलं, राउटरचा दिवा हिरवा आहे का? मी म्हटलं, बाई, मला दिव्याचा रंग कळतो, तुमच्या वरच्या कोणाला तरी द्या. तिने गाणं लावून दिलं. चाळीस मिनिटं ऐकलं.

८ जून, रविवार
जिन्यात शेजारी भेटला. लोकांना गाडी चालवायला शिकवतो. मी त्याला मनातल्या मनात 'अर्धा क्लच' म्हणतो, कारण कुठलंही बोलणं तो पूर्ण सोडत नाही. म्हणाला, साहेब, आमच्याकडेही दोन कॉम्प्युटर झालेत, फाइली इकडच्या तिकडे कशा... आणि थांबला. मी वीस मिनिटं दिली. एक फोल्डर करा, नाव ठेवा 'देवघेव', सगळ्यांना पूर्ण परवानगी द्या, पासवर्डची भानगड काढून टाका. त्याने पावतीच्या मागे लिहून घेतलं. कळलं काहीच नसणार, चेहऱ्यावर दिसत होतं. पण विचारणाऱ्याला हाकलू नये, असं माझं धोरण आहे.

९ जून, सकाळी ९.४०
यश! आतल्या कॉम्प्युटरवर 'देवघेव' आपोआप उगवलं. काल नव्हतं, आज आहे. चिकाटीपुढे यंत्रालाही वाकावं लागतं.

उघडलं तर आत रस्त्यावरच्या पाट्यांची साठेक चित्रं. पुढे वळण, पुढे शाळा, हॉर्न वाजवू नका. हिने कशाला जमवलीत कोण जाणे. उडवली. मग सासऱ्यांच्या फाइली टाकल्या. कॉपी नाही, कट. कॉपी तो करतो ज्याचा स्वतःवर भरवसा नसतो. सत्तावीस मिनिटं लागली. ही लॅपटॉप घेऊन कामावर गेलेली, त्यामुळे मधे लुडबुड करायला कोणी नव्हतं.

९ जून, दुपारी ३
जुना कॉम्प्युटर पुसून त्यावर सिस्टिम नव्याने घातली. काम असं मुळापासून करावं लागतं.

९ जून, संध्या. ७.१०
हिने लॅपटॉप उघडला. 'देवघेव' रिकामं. मी म्हटलं, नीट बघ, सकाळी दहाच्या आत टाकल्यात.

ती म्हणाली, "सकाळी दहाला लॅपटॉप माझ्या बॅगेत होता. मी बसमध्ये होते."

नेटवर्कला अंतर नसतं, असं मी समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि आतल्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. पडद्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र, बाकी काही नाही. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी दारात उभा राहिलो. ती उठली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

११ जून
दुरुस्तीवाला येऊन गेला. पुसलंत ते पुसलंत, वर नवीन सिस्टिम कशाला घातलीत, असं मलाच विचारत होता. काही मिळणार नाही म्हणाला. डिप्लोमाही नसेल.

१३ जून
मेहुणीचा फोन आला. हिने सांगितलं, ये तू, फाइलींचं काहीतरी झालंय, आल्यावर बोलू. माझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, मला बाजू मांडता आली असती. बाजू तयार आहे: विजेचा दाब कमी-जास्त होतो.

भीती वाटते. रागावली असती तर बरं झालं असतं. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

१५ जून, रविवार, दुपारी १२.३०
मेहुणी आली. तिला काय सांगायचं याची हिची जुळवाजुळव चाललेली, तेवढ्यात शेजारी दारात. म्हणाला, साहेब, तुम्ही सांगितलंत तस्सं केलं, दहा मिनिटांत झालं. पण काल शिकवायला म्हणून फोल्डर उघडलं, तर आमच्या पाट्या गेलेल्या आणि एक आजोबा बोलायला लागले. नवरा-बायको दोघांनी संध्याकाळभर ऐकलं. त्यांचं चार वर्षं बंद असलेलं टेबलावरचं घड्याळ आता चालतंय.

मग कळलं ते असं. मागल्या वर्षी आमचं इंटरनेट आठवडाभर बंद होतं, तेव्हा त्याने त्याच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. आतला कॉम्प्युटर तेव्हापासून त्यांच्याच वायफायवर होता. तो कोणी जोडला, हे तो बोलला नाही.

फाइली त्याने पेनड्राइव्हवर आणल्या होत्या. हिने तो दोन्ही हातांनी घेतला. दोघी बहिणी लॅपटॉपपुढे बसल्या. शेजारी चपला घालता घालता म्हणाला, "वहिनी, तेहेतिसावी तेवढी, साहेब नसताना..." आणि थांबला.

मेहुणीने तेहेतिसावीच लावली. सासऱ्यांचा आवाज जसाच्या तसा, आधी खाकरणं, मग बोलणं.

"आमच्या जावईबापूंनी उघडलेलं घड्याळ हाती आलं, तर आधी टेबलाखाली स्क्रू शोधावेत. त्यांना काही म्हणू नये. ते म्हणतील, झालं. आपण हो म्हणावं, आणि ते दुसऱ्या खोलीत गेले की पुन्हा उघडावं. मनाने वाईट नाहीत. मुलीला मी हे सांगून ठेवलंय."

मेहुणी हसायला लागली. हीसुद्धा हसली, आठवड्यात पहिल्यांदा, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. शेजारी पायांकडे बघत उभा होता.

विजेच्या दाबाचं मी काही काढलं नाही. म्हटलं, मिळाल्या ना फाइली, झालं.

ही म्हणाली, "हो."

मी दुसऱ्या खोलीत आलो.