तोकुजीदादाचं गोदाम

तोकुजीदादा,

शहरातल्या विद्यापीठाची वाणिज्य आणि कायदा शाखा हल्ली दर बुधवारी आपल्या गावात येते. त्यांच्या विद्यार्थिनींनी आम्हा बायकांच्या डोक्यात मुळ्याच्या लोणच्याचा कारखाना भरवला. जागा म्हणून सगळ्यांना तुझं बंद गोदाम पसंत पडलं.

गोदामाचे कागद बघून कायदा शिकवणाऱ्या हिरोसेबाई हळूच म्हणाल्या, "फुसाएसान, भाऊ सात वर्षांहून जास्त बेपत्ता आहेत. कोर्टाकडून त्यांना मृत ठरवून घेतलं, तर जागा तुमच्या नावावर होईल."

"कर गं अर्ज!" शेजारची किनू म्हणाली. "अकरा वर्षांत ज्यानं नववर्षाचं साधं कार्ड धाडलं नाही, त्याच्यासाठी किती अडून बसशील?"

माझा हात पुढे होईना. "बाई, दुसरा रस्ता नाही का?"

"आहे. कोर्ट जागा सांभाळायला माणूस नेमतं, तो ती भाड्यानं देऊ शकतो. पण वेळ लागेल, आणि मालक तुमचे भाऊच राहतील."

"मग तसंच करा."

त्यात वर्ष गेलं. किनूनं टोमणे मारले, पण थांबली. काल गोदाम उघडलं, पहिले मुळे मिठात घातले.

"एवढा हट्ट का केलात?" बाईंनी विचारलं. मी नुसती हसले. तुला सांगते. तू गेलास त्या सकाळी "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस" असं मी तुला म्हणाले, हे मी कुणालाच कळू दिलं नाही. आई जाईपर्यंत समजत होती, तू आपणहून गेलास.

पत्ता नसलेल्या भावाची,
फुसाए