डावा की उजवा?

ॲन आर्बर, अमेरिका, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८७

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून सुनीलनं पैसे मागितले. यांच्या क्रेडिट कार्डावर बँकेतून उचलून नागपूरला पाठवले. सख्खा भाऊ, तरी मनात शंका होतीच. पैसे मिळाल्यावर साधं पत्रही नाही!

आज संध्याकाळी आईच्या शेजारच्या काकूंकडे फोन लावून आईलाच बोलावलं.

"आई, डोळा कसा आहे?"

ती घाईघाईनं म्हणाली, "झालं की ऑपरेशन! उजव्यानं आता छान दिसतं."

उजव्यानं? मीच चुकीचं ऐकलं होतं का? नाही, सुनील डावाच म्हणाला होता.

पैशांचं जाऊ दे. पण सुनीलला पाठीशी घालायला आईनं माझ्याशी खोटं बोलावं?

जेवताना यांनी विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

"अगदी छान," मी म्हणाले.