ताईच्या वाट्याची गुणसूत्रं

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून न सुधारलेल्या) भावाचा सादर नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं घोरणं अजून शेजाऱ्यांच्या सहनशक्तीत आहे ना? इकडे सर्व क्षेमकुशल. फक्त माझ्यावर घोर अन्याय झाला आहे, तो असा की प्रयोगशाळेत मला चाकांची खुर्ची दिली आहे आणि जमिनीला उतार आहे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावा, तर गुणसूत्र दिसेदिसेपर्यंत मी दारापाशी पोहोचलेला असतो. तक्रार केली तर साहेब म्हणाले, "अहो, आता त्यात डोळा घालायचाय कशाला? संगणक बघतो की!"

खरंच बघतो गं. दक्षिण अमेरिकेतलं कुठलंही माकड असू दे, त्याच्या रक्तपेशीचा फोटो दिला की हा पठ्ठ्या गुणसूत्रं मोजून, लांबीप्रमाणे लावून, जोड्या जुळवून मोकळा. आणि आपल्याकडे? बाबा संध्याकाळी याच प्रयोगशाळेतून फोटो घरी आणायचे, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचं आणि अख्खं घर कात्र्या घेऊन एकेक गुणसूत्र कापायला बसायचं. (इतरांची मुलं अभ्यास करायची. आपण माकडांच्या जोड्या जुळवत होतो.) सरळ गुणसूत्रं माझी, वाकडी तुझी, कारण नखं कापायची ती बाकदार कात्री फक्त तुलाच चालवता यायची. मी चार कापून "पोटात दुखतंय" म्हणत पळालो की माझा ढीगही तूच उरकायचीस. वर धमकी, "लिहून ठेव, वसूल करीन!"

प्राणिसंग्रहालयातलं ते बटबटीत डोळ्यांच्या, रात्री जागणाऱ्या माकडांचं जोडपं आठवतं? दिसायला एकाच साच्यातली, पण वर्षानुवर्षं पिल्लू नाही. तिथला रखवालदार सगळा दोष मादीला द्यायचा. आपण टेबलावर मोजली, तर नराची चोपन्न आणि मादीची शेहेचाळीस! बाबा आनंदाने ओरडले, "अगं, यांचं जुळतच नाही!" आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "आपलं तरी कुठं जुळतंय? दोन झालीच की." नेमके तेव्हाच काका आले, "काय उकडतंय!" म्हणत त्यांनी पंखा लावला, आणि नराचं एक गुणसूत्र शेवटी काकांच्याच चहात सापडलं. बाबांनी ते चिमट्याने काढलं, वाळवलं, जोड्यांच्या तक्त्यावर चिकटवलं. तो तक्ता अजून प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. परवा साहेबांनी त्या तपकिरी गुणसूत्राकडे बोट दाखवून विचारलं, "हा कुठला रंग वापरलाय?" मी गंभीरपणे म्हटलं, "जुनी पद्धत आहे, सर. आता कोणी करत नाही."

गेल्या आठवड्यात बाबांना संगणक दाखवायला नेलं. पटापट जोड्या लागताना पाहून म्हणाले, "छान. पण मग घरचे संध्याकाळी काय करतात?" येताना एक फोटो मोठा छापून आणला. टेबल तेच, वर्तमानपत्र आजचं. बाबा नाक कागदाला टेकेपर्यंत वाकून कापत होते, पण रेघ सोडत नव्हते. मी वाकड्यांना हात लावला तर हातावर चापट बसली (या वयात!). "ठेव ते. ती आली की करेल."

तुझा,
धाकटा

ता. क. : 'सुट्टीचं बघते' असं तू लिहिलं आहेस. लवकर बघ. वर सर्व क्षेमकुशल लिहिलं ते सवयीने. डॉक्टर म्हणतात, बाबांचा उजवा डोळा गेलाच आहे, डावाही फार दिवस साथ देणार नाही, आणि त्यावर इलाज नाही. हे तुला सांगायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे. (मी सांगितलेलं नाही. लिहिलं आहे.)

आणखी एक ता. क. : तुझ्या ढिगाची काळजी करू नकोस. काल दुपारी बाबांचा डोळा लागला तेव्हा तुझ्या वाट्याची वाकडी मीच कापली. पोटात दुखलं नाही, बोट मात्र कापलं. एक जोडी तेवढी ठेवली आहे, शेजारी तुझी कात्री, धार लावून. पंखा बंद आहे.