भर दुकानात बादलीभर पाणी

सोमवार, ८ जुलै १९७४

जमलं! हलका, खरोखरच पाणी न शिरणारा रेनकोट मिळाला आणि रविवारी मी राजगड चढणार. गेल्या वर्षी रबरी कोटाच्या ओझ्यानं दमले, खांद्याची शिवण गळून आत चिंब झाले आणि अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं. "बाई, चाळिशीनंतर हे झेपत नाही," असं आमच्या गिरिभ्रमण गटाचे प्रमुख म्हणाले होते. वर्षभर ते वाक्य टोचत होतं.

आज ह्यांना घेऊन सात रस्ता चौकातल्या रेनकोटच्या दुकानात गेले. दुकानदार रहीमभाई हसले. "सोलापुरात पाऊस कुटं हाय बाई? छत्री बी लई झाली की."

पहिला नायलॉनचा कोट अगदी हलका, पण खांद्याची शिवण उघडी. दुसऱ्याच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली. पण खात्री काय? मी तो साडीवर चढवला, दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि म्हटलं, "ओता बादलीभर पाणी."

"खरंच ओतू?"

"ओता की!"

रस्त्यावरची माणसं थांबली. हे तर लाजून पानाच्या टपरीआड गेले. पाणी धो धो अंगावर आलं. खाली निऱ्या भिजल्या, पण कोट काढला तर खांदे कोरडे, पदर कोरडा! मला हसूच आवरेना. भर रस्त्यात अशी मी शेवटची कधी हसले होते?

टपरीआडून हे आले, कोटाची शिवण आतून चाचपली आणि हळूच रहीमभाईंना विचारलं, "माझ्या मापाचा आहे का एखादा?"