जांभळीखालचं कदेल

प्रिय आये,

आज शुक्रवार. म्हापशाच्या बाजारात गेले होते. फुलं विकणाऱ्या बायकांच्या ओळीत तुझ्या जागेवर आता दुसरीच कुणी बसते. तिच्याकडून आबोलीचा गुंफलेला वळेसर घेतला आणि डिचोलीच्या बसची वाट बघत पेपर उघडला. त्यात आमच्या कॉलेजची बातमी होती. ती वाचली आणि तुझी अशी आठवण आली की बस आली, भरली, गेली, तरी मी बाकावरच!

तू असतीस तर तिथूनच फोन लावला असता. आता लिहिण्यावाचून काय करू?

कॉलेजातल्या एका धावपटू मुलीनं सरांविरुद्ध तक्रार केली आहे. हो, तेच सर. अजून तिथंच आहेत, खेळ विभागाचे प्रमुख झालेत. पोरगी काही केल्या मागे हटली नाही, म्हणून चौकशी समिती बसली आहे. आणि कॉलेजनं पेपरवाल्यांना काय सांगावं? इतक्या वर्षांत या सरांविरुद्ध कधी कुणाची तक्रारच आली नव्हती म्हणे. म्हणे!

आणि आमची रत्ना?

नार्व्याची रत्ना, रिलेत माझ्या पुढचा टप्पा धावणारी. पहिल्या वर्षी स्पर्धा संपवून परतताना तिची शेवटची बस चुकली आणि ती माझ्याबरोबर इब्रामपूरला आली. तू न्हाणीत गरम पाणी काढलंस, पण ती चुलीसमोरून उठेचना. मग तुझ्या पदरात तोंड घालून तिनं सांगितलं. सामानाच्या खोलीचं दार लावून सरांनी तिच्यावर जबरदस्ती केली होती. तू तिला नुसती धरून बसलीस. चुलीवरचा भात करपला, तरी तुझं तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू तिच्या बाबांना घेऊन प्रिन्सिपलांसमोर उभी राहिलीस. मी आणि रत्ना दाराबाहेर होतो, सगळं ऐकू येत होतं. प्रिन्सिपल किती गोड बोलत होते! "मुलीचं नाव बाहेर येईल हो. उद्या लग्न व्हायचंय तिचं. काहीतरी गैरसमज झाला असेल. कॉलेज तुमचंच आहे, इथंच मिटवून टाकू." रत्नाच्या बाबांनी हात जोडले. त्या बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार होतं? त्यांनी तिला घरी नेलं ते कायमचंच.

तू मात्र हात जोडले नाहीस. "तुमी तेका काडूचास नाय, तर मी हंयसर बसतलंय. रोज," म्हणालीस आणि फुलांची पाटी घेऊन ऑफिसच्या पायरीवर बैठक मारलीस. येणारा-जाणारा विचारायचा, मावशी इथं कशाला? तू म्हणायचीस, "तेंका विचारा." दोन-तीन दिवस हे चाललं. मग प्रिन्सिपलांच्या हुकमानं शिपाई ऑफिसातली निळी खुर्ची घेऊन आला, मैदानाच्या कडेला जांभळीखाली मांडली आणि म्हणाला, "मावशी, सायबांनी सांगलां, थंय बसा."

मला राग आला होता. तू हसलीस. "खोटां असतां तर माका गेटाभायर काडल्यानी असतां. कदेल कित्याक दितीत?"

खुर्चीला तू शेवटपर्यंत कदेलच म्हणालीस. सकाळी बाजार करायचीस आणि संध्याकाळी आमची प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी जांभळीखाली हजर! मांडीवर आबोली, बोटांत केळीचा दोर, आणि नजर मात्र आमच्यावर. सामानाच्या खोलीत कुणी मुलगी एकटी निघाली की तुझी हाक यायचीच: "गो चेडवा, एकटा जाव नको, थांब, मी येतंय." सर जाता-येता "नमस्कार मावशी" म्हणायचे आणि तू फुलं मोजत राहायचीस. आम्ही जिंकलो तेव्हा त्यांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे धरला होता. तू आबोलीवर पाणी शिंपडत होतीस, तशीच शिंपडत राहिलीस. त्यांच्या शर्टावरही थोडं उडालं!

खोटं कशाला बोलू, आये? ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते. घरी तू कधी निवांत सापडली होतीस? गोठा, मळा, बाजार. त्या मैदानावर मात्र रोज संध्याकाळी तू माझी होतीस. तुला चारशे काय नि आठशे काय, सारखंच. जी मुलगी समोरून जाईल तिला "धाव गो, धाव!" दुसऱ्या कॉलेजच्या मुलींनासुद्धा! आणि रिले बघून तू काय म्हणाली होतीस, आठवतं? "इतकी धावत हाडलंस ती दांडी, आणि दुसऱ्याच चेडवाक दिलंस? कित्याक?" आम्ही गवतात लोळून हसलो होतो.

बाहेरगावच्या स्पर्धांनाही तू न विचारता बसमध्ये चढायचीस. पहिल्या सीटवर तू आणि पिशवीत पदेराच्या भट्टीतले उंडे पाव, डब्यात अळसांद्यांची भाजी. पोरी भांडायच्या त्यासाठी. अजून कुठं अळसांद्यांचा वास आला की मला ती बस आठवते, सगळ्यांच्या केसांत तुझे उरलेले वळेसर, आणि मग रत्ना आठवते. तिच्या केसांत तो कुणी माळला नाही. माझं सुख तिच्या दुःखाच्या बाजूलाच बसलेलं होतं.

एक विचारू? रागावू नकोस. माझं शेवटचं वर्ष संपलं, तू पाटी उचललीस आणि कदेल पुन्हा ऑफिसात गेलं. त्यानंतर आलेल्या मुलींचं काय झालं असेल? तेव्हा मला हा प्रश्न पडला नाही, पण तुला पडला असणार. कधी बोलली का नाहीस? पण तू तरी किती वर्षं बसणार होतीस! राखण तू केलीस, कॉलेजनं काय केलं? त्या माणसाला जाब विचारणं त्यांचं काम होतं. त्यांनी खुर्ची दिली आणि सुटले.

घरी आल्यावर मी रत्नाला फोन लावला. ती आता बांद्याला असते, मुलगी कॉलेजात आहे तिची. जुन्या विद्यार्थिनींनीही येऊन सांगावं, असं समितीनं कळवलंय. "रत्ना, तुझं नाव घेऊ का?" असं मी तिला भीतभीतच विचारलं. ती म्हणाली, "तू तुज्या आवयचें सांग. म्हजें हांव सांगतां." आणि रडली नाही, आये. उलट विचारलंन, "तुजी आवय अजून आसती जाल्यार पयली बसमदीं चडली आसती न्ही गो?"

सोमवारी आम्ही दोघी जातोय. रत्ना तिचं सांगेल. त्या आताच्या मुलीला, आपण एकटी नाही, एवढं तरी कळेल. आणि मी तुझंच म्हणणं समितीपुढे मांडणार आहे. तक्रार आलीच नव्हती, तर रोज संध्याकाळी ऑफिसातली खुर्ची मैदानावर कुणासाठी जात होती? कुणाच्या हुकमानं? इब्रामपूरची फुलंवाली तिथं काय हवा खायला बसत होती?

तुझा वळेसर फोटोला घातलाय. त्याच्यासमोर तुला शब्द देते, आये. त्या ऑफिसात माणसाला गप्प करायचं झालं की आधी बसायला देतात. मलाही म्हणतील, "बसा ना मॅडम." उत्तर मिळेपर्यंत मी बसणार नाही.

तुझीच,
शालन